शांत सहलीचा दौरा-कार्यक्रम

दिल्लीत पानगळ चैत्रात होते. महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या माणसाला हे आधी कुणी सांगत नाही. बत्तीस वर्षांपूर्वी मी भंडाऱ्याहून इथे नोकरीला आलो, तेव्हा पहिल्याच एप्रिलमध्ये क्वार्टरसमोरच्या कडुनिंबाला रोग पडलाय असं समजून मी रीतसर अर्ज केला होता. विषय, ‘रोगग्रस्त वृक्षाबाबत’. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत झाड आपलं आपण हिरवं झालं. ऑफिसातल्या जुन्या बाबूने मला विचारलं, “अर्ज वापस लेंगे, या पेड़ को दोबारा बीमार करें?”

यंदाही तसंच चाललंय. आर. के. पुरमच्या रस्त्यांवर पिवळ्या पानांचा सडा आहे. झाडूवाली सकाळी ढीग लावते, दुपारचा कोरडा वारा तो पसरून टाकतो. तुतीखालचा फुटपाथ जांभळा झालाय आणि शेजारचे लोक कूलर बाल्कनीत ओढून त्याला नवा वाळा भरतायत. वाळ्याचा तो ओला, मातकट वास आला की मला गेल्या वर्षीचा एप्रिल आठवतो. आठवतो म्हणजे दुखतो असं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल कसा होतो, हात लावला तर आहे, आपलाच आहे, पण लागतो मात्र शेजाऱ्याचा. तसा तो सबंध महिना आमच्या घराला लागत होता.

झालं होतं एवढंच, की प्रज्ञाचा निकाल लागला होता. प्रज्ञा आमची एकुलती एक मुलगी. सिव्हिल सर्व्हिसेसची परीक्षा, तिसरी खेप, आणि या वेळी मुलाखतीपर्यंत पोचलेली. दुपारी ती स्वयंपाकघरात आली, आईला म्हणाली, “नाही झालं,” आणि ओट्यावरची कोथिंबीर निवडायला लागली. सगळी जुडी निवडली. काड्या वेगळ्या, पानं वेगळी. त्यानंतर तिचे शब्द तीनच उरले: हो, नको, ठीक. रडली नाही, चिडली नाही. आम्हीही नाही. आम्ही तिघं एकमेकांना मीठ पास करत होतो, यार, अगदी हॉटेलात अनोळखी लोक करतात तसं.

आता यात माझा वाटा सांगायला हवा. मी सेक्शन ऑफिसर. म्हणजे फाइल खालून वर पाठवणारा माणूस. तीस वर्षं मी टिपणं लिहिली आणि वर कुणीतरी, दर वर्षी माझ्याहून आणखी लहान होत जाणारं कुणीतरी, त्यावर एक छोटी सही केली. त्या सहीच्या जागी प्रज्ञा बसावी असं मला वाटत होतं. वाटत होतं इथपर्यंत ठीक. पण आमच्या विदर्भ-मराठवाड्याच्या मंडळींचा जयंतीचा कार्यक्रम असतो, चौदा एप्रिलला, त्यात गुणवंतांचा सत्कार असतो. निकाल जयंतीच्या आधी लागणार असा माझा हिशेब होता, आणि मी मार्चमध्येच कार्यकर्त्यांना सांगून ठेवलं होतं, “पत्रिकेत एक ओळ रिकामी ठेवा.” निकाल खरंच आधी लागला. पत्रिका छापून आली तेव्हा सत्काराच्या यादीत सहावा आकडा होता आणि त्याच्यापुढे काहीच नव्हतं. एवढी ठळक रिकामी ओळ मी कुठल्याही सरकारी कागदावर पाहिलेली नाही. प्रज्ञाने पत्रिका वाचली, उलटी केली आणि मागच्या बाजूला किराणा लिहिला: तूरडाळ, कपड्यांचा साबण, जिरं.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सुजाता, माझी बायको, म्हणाली, “अहो, तिला कुठेतरी घेऊन जाऊ या. दोन दिवस. जिथे कुणी तिला काही विचारणार नाही अशा जागी.”

“बिल्कुल,” मी म्हणालो.

“आणि तुम्ही कुणाला फोन करायचा नाही. साधं जायचं, साधं यायचं.”

“मी कशाला फोन करतोय?”

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. केंद्र सरकारात नोकरी करणाऱ्या माणसाला साधं जाता येत नाही, हे तिला माहीत होतं. आम्ही लोक नुसते कुठे जात नाही. आमचा दौरा असतो. गावाचं नाव ऐकलं की आमच्या डोक्यात पहिला प्रश्न ‘बघायला काय आहे’ हा नसतो, ‘तिथे आपलं कोण आहे’ हा असतो.

मी त्याच संध्याकाळी दौरा-कार्यक्रम टाइप केला. पाच रकाने: दिनांक, प्रस्थान, आगमन, प्रवासाचं साधन, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात पहिल्या तीन ओळींपुढे ‘मौन’ लिहिलं होतं आणि चौथ्या ओळीपुढे ‘मौन (चहासह)’. सुजाताने तो कागद वाचला आणि त्यावर पेन्सिलीने, कोपऱ्यात, माझ्याच साहेबांच्या शैलीत लिहिलं: कृपया चर्चा करावी. बत्तीस वर्षांच्या संसारात मी तिला काही शिकवलं असेल तर ते हे.

चर्चेत मी माझा सिद्धान्त मांडला. घरच्या माणसांनी गप्प बसायचं असेल तर सार्वजनिक वाहनासारखी जागा नाही. मेट्रोत कुणी कुणाशी बोलत नाही, त्यामुळे आपण बोलत नाही हे कळत नाही. गाडीत मात्र तीन माणसांची शांतता लगेच उघडी पडते. तेव्हा जेवढं जमेल तेवढं मेट्रो आणि रेल्वेने, आणि शेवटचा तुकडा तेवढा गाडीने. आमची स्वतःची गाडी दहा वर्षांची डिझेल, दिल्लीत बाद झालेली; पण सुजाताचा धाकटा भाऊ विलास गाझियाबादला असतो, त्याची घ्यायची. ठिकाण ठरलं मेरठच्या पुढे, कालव्याच्या काठचं एक जुनं सरकारी विश्रामगृह. तिथे बघण्यासारखं काही नाही, हेच त्याचं वैशिष्ट्य.

आणि मग मी फोन केला.

एकच केला, खरंच. एका जुन्या सहकाऱ्याला. खोल्या रिकाम्या आहेत का, एवढंच विचारायला. “फॅमिली के साथ जा रहा हूँ, ज़रा साफ चादर मिल जाए,” असं मी म्हणालो. सहकाऱ्याने लखनौला कुणाला तरी सांगितलं, लखनौने जिल्ह्याला सांगितलं, जिल्ह्याने तालुक्याला. दर फोनला माझी एकेक बढती होत गेली असावी. स्वतःच्या खात्यात मला दोन बढत्यांना अठरा वर्षं लागली होती.

निघालो तो शनिवार. हौज़ खासला मेट्रो बदलली आणि डब्यात शिरलो तर समोरच्या पत्र्यावर एका कोचिंग क्लासची जाहिरात. वीस-बावीस हसरे चेहरे, प्रत्येकाखाली क्रमांक. मी चपळाईने त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. बसायला जागा होती, बसलो नाही. दोन्ही हात कमरेवर ठेवले, म्हणजे शरीर जरा रुंद होतं. तरी वरची ओळ माझ्या डोक्यावरून दिसतच होती, म्हणून अधूनमधून टाचा उंच करत होतो. राजीव चौक यायच्या आधी प्रज्ञा म्हणाली, “बसा, बाबा.” दोन शब्द. बसलो. चेहरे हसत राहिले.

गाझियाबाद स्टेशनबाहेर विलास किल्ली घेऊन उभा होता, आणि त्याच्या पायाशी त्याची बॅगही होती.

“भाऊजी, मी पण येतो ना. मी गप्प बसतो.”

“विलास,” सुजाता म्हणाली, “तू झोपेतसुद्धा बोलतोस.”

“अगं ताई, मग मी झोपणारच नाही!”

प्रज्ञा मामाकडे बघत होती. हसेल असं वाटलं. तिने हात पुढे केला आणि त्याच्या बॅगेवर चिकटलेलं कडुनिंबाचं पान काढून टाकलं. विलासचा चेहराच पडला. किल्ली माझ्या हातात देऊन, बॅग उचलून घरी परत निघताना तो हळूच म्हणाला, “इंडिकेटर डावीकडे आहे, भाऊजी. तुमच्या गाडीसारखा नाही.”

मेरठपर्यंत मी प्रत्येक वळणाला वायपर चालवला.

गव्हाची काढणी चालली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेली पिवळी खुंटं, मध्येच उभं शेत, मध्येच एखादं भलंमोठं यंत्र धुरळ्यात बुडालेलं. भुसा हवेत तरंगत होता, काचेवर बसत होता, आणि मी वळलो की वायपर तो इमानेइतबारे सारखा पसरवत होता. ट्रॅक्टरमागे चार किलोमीटर गेलो, ओव्हरटेक केला नाही. कडेला एका बाईकडून ककड्या, इकडच्या त्या लांब, बारीक काकड्या, घेतल्या. तिने मीठ-मिरचीची पुडी दिली आणि विचारलं, “कहाँ जा रहे हो?” सुजाता म्हणाली, “कहीं नहीं.” बाईला ते उत्तर पटलं. मला त्या क्षणी वाटलं, जमतंय की. सहल अशीच असायला हवी होती.

विश्रामगृहाच्या फाटकातून आत वळलो आणि सुजाता म्हणाली, “तुम्ही फोन केलात.”

प्रश्न नव्हता तो. तिने चुना पाहिला होता. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत, रस्त्याच्या दोन्ही कडांना, ताज्या चुन्याच्या दोन पांढऱ्या रेघा. इतर कुणाला त्या रांगोळीसारख्या वाटल्या असत्या. सरकारी घरातल्या बाईला त्यांचा अर्थ शिकवावा लागत नाही: कुणीतरी मोठं येणार आहे. मी आशेने मागे वळून पाहिलं, दुसरी एखादी गाडी येत असेल तर. रस्ता रिकामा होता. ते मोठं म्हणजे मीच होतो.

चौकीदार हात जोडून धावत आला. खोलीत नवी चादर, नवा साबण, पाण्याच्या बाटल्यांची रांग. प्रज्ञा सरळ मागच्या बाजूला गेली. तिथे कालवा होता. काठोकाठ भरलेला, हिरवट, आणि एवढं पाणी वाहत असून आवाज मात्र नाही. ती काठावरच्या दगडी बाकावर बसली ती तासभर. मी खिडकीतून बघत होतो. सुजाता माझ्याशी बोलत नव्हती. पण ते दौरा-कार्यक्रमात बसत होतं.

पाच वाजता जीप आली. तिच्यातून एक तरुण अधिकारी उतरला, त्या भागाचा एसडीएम, म्हणजे आपल्याकडचा प्रांताधिकारी. फार तर प्रज्ञाएवढा, एखादं वर्ष मोठा. कोरी करकरीत बूटजोडी, विरळ दाढी, हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली ग्लॅडिओलीची फुलं. त्याच्यामागे दोन माणसं, पनीर पकोड्यांचे डबे घेऊन.

“गुड ईवनिंग, सर. कोई तकलीफ तो नहीं हुई? पता चलता तो गाड़ी भिजवा देता. दिल्ली से जॉइंट सेक्रेटरी साहब आएँ और हम मिलने भी न आएँ...”

या जागी शहाणा माणूस म्हणाला असता, काहीतरी गैरसमज झालाय. मी काय म्हणालो? मी म्हणालो, “अरे नहीं नहीं, प्राइव्हेट व्हिजिट है.” तीस वर्षं जॉइंट सेक्रेटरींच्या मागे बॅग धरून चाललो, वाक्य तोंडातच बसलेलं होतं. वर फुलंसुद्धा घेतली.

व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या गेल्या. आवाजाने प्रज्ञा आली आणि शेवटच्या खुर्चीत बसली. तो तरुण खुर्चीच्या टोकावर, पाठ न टेकता, गुडघे जुळवून बसला होता. मी साहेबांसारखं मान हलवत पिकाची चौकशी केली. त्याने उत्तरं दिली. मग, बोलायला काहीतरी हवं म्हणून, तो प्रज्ञाकडे वळला आणि अगदी चांगुलपणाने म्हणाला, “और आप? आप भी तैयारी कर रही हैं?”

दिल्लीपासून एवढं लांब, तीन वाहनं बदलून, जो प्रश्न टाळायला आलो होतो, तो चुन्याच्या रेघांमधून चालत आमच्यापर्यंत आला होता.

ती काही बोलायच्या आत मी बोललो. “बिल्कुल! प्रीलिम्स को अभी महीना है. पिछली बार इंटरव्यू तक गई थी, थोड़े से रह गया. इस बार तो समझो—”

“नहीं, सर,” प्रज्ञा म्हणाली. “मैं नहीं दे रही. अब नहीं दूँगी.”

मग तिने चहाचा कप खाली ठेवला. “और बाबा जॉइंट सेक्रेटरी नहीं हैं. सेक्शन ऑफिसर हैं.”

माझ्या मांडीवर ग्लॅडिओली होती. मला लाज वाटायला हवी होती, धक्का बसायला हवा होता, निदान घाम तरी. काही झालं नाही. मी तिची वाक्यं मोजत होतो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पूर्ण वाक्यं, आणि ती सगळी दुरुस्तीची.

“पकोडे गार होतायत,” सुजाता मराठीत म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही.

त्या मुलाने आधी फुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता उठणार. तो म्हणाला, “तो फिर मैं ज़रा आराम से बैठ जाऊँ?” आणि खुर्चीत मागे सरकून त्याने पाठ टेकली. मोठा श्वास सोडला. “जॉइंट सेक्रेटरी के सामने टेक नहीं लगा सकते न, आंटी.” त्याने बुटांच्या नाड्या सैल केल्या. बूट नवे होते, चावत होते.

बऱ्याच वेळाने, चौथा पकोडा खाताना, तो प्रज्ञाला म्हणाला, “मेरा पाँचवाँ था. चौथे के बाद घरवाले मुझे नैनीताल ले गए थे. कि वहाँ कोई पूछेगा नहीं.”

“फिर?” सुजाताने विचारलं.

“नाववाले ने पूछ लिया.”

प्रज्ञा हसली. नाकातून, एवढंसं. तो अजून अर्धा तास बसला, कालव्याकडे बघत. म्हणाला, सात महिने झाले इथे येऊन, हे पाणी आज पहिल्यांदा बघतोय. जाताना त्याने मला वाकून नमस्कार केला. कुठल्या हुद्द्याला केला कोण जाणे.

नंतर मी मागे गेलो. प्रज्ञा बाकावर ककडी सोलत होती. ककडीची साल काढावी लागत नाही, तरी काढत होती. ऊन तिरपं झालं होतं. पलीकडच्या काठावर एक म्हैस पाण्यात उतरायचं की नाही याचा विचार करत होती. मी शेजारी बसलो. बोलायला माझ्याकडे एकच वाक्य होतं, तेही ऑफिसात उशिरा लिहिलेल्या खुलाशासारखं.

“मी आधी तुला विचारायला हवं होतं, बेटा.”

“विचारलं असतंत तर मी ‘देते’ म्हटलं असतं.”

“का?”

“तुम्ही विचारताना असं बघता ना.”

“कसं?”

“असं.” आणि तिने चेहरा करून दाखवला. भुवया किंचित वर, मान थोडी तिरकी, ओठांवर अर्धं हसू, हात छातीशी काहीतरी धरल्यासारखे. मी तो चेहरा आरशात कधी पाहिलेला नाही, पण ओळखला. सहीसाठी फाइल घेऊन साहेबांच्या दारात उभा असलेला माणूस. घाई नाही, सर, पण आज झालं तर बरं.

म्हणजे तीन वर्षं ती रोज सकाळी मला तसाच चहाच्या टेबलाशी बघत होती.

मला ते ऐकून काय वाटलं, हे मी इतके महिने लिहायचा प्रयत्न करतोय आणि खरं उत्तर असं की, काही वाटलं नाही. मी ककडीचा तुकडा घेतला. मीठ जास्त झालं होतं. म्हैस शेवटी पाण्यात उतरली आणि नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून उभी राहिली. प्रज्ञा म्हणाली, “आईला सांगा, उद्या उशिरा निघू.” मी जाऊन सांगितलं. सुजाता खाटेवर पडून छताकडे बघत होती. “ठीक,” म्हणाली.

त्या रात्री तिघंही गाढ झोपलो. दुसऱ्या दिवशी परत येताना प्रज्ञा पुढे बसली आणि प्रत्येक वळणाच्या आधी माझ्या हातावर टिचकी मारून इंडिकेटर दाखवत राहिली. विलासला किल्ली दिली, त्याने विचारलं, “कसं झालं?” आणि आम्ही तिघं एकदम म्हणालो, “शांत.” खोटं नव्हतं, खरंही नव्हतं.

प्रज्ञा आता द्वारकेच्या एका शाळेत नववी-दहावीला भूगोल शिकवते. सकाळी सहाला निघते, दुपारी परत येते, येताना कधीकधी मेट्रोत तिचं स्टेशन मागे राहून जातं. म्हणते, डोळा लागला. ती सुखात आहे का, मला सांगता येणार नाही. कधी जेवताना पोरांच्या उत्तरपत्रिका वाचून दाखवते आणि सुजाताला ठसका लागेपर्यंत हसवते. कधी आठवडाभर तिच्या खोलीचं दार लोटलेलं असतं. मी टेबलाशी बसलो की भुवया खाली ठेवायचा सराव करतो. सुजाता म्हणते, त्याने मी आणखीच भीतिदायक दिसतो. जयंतीला यंदा आम्ही तिघंही गेलो. कुणी प्रज्ञाचं विचारलं की मी म्हणतो, शिकवते. पुढचं वाक्य मी गिळतो. गिळताना ते अजून घशाला लागतं.

त्या परीक्षेला ती पुन्हा बसली नाही. यंदाचा फॉर्मसुद्धा भरला नाही. हे मला माहीत आहे, मी तिच्याशी त्यावर एक शब्दही बोललेलो नाही, आणि ते माझ्या आयुष्यातल्या थोड्या शहाणपणांपैकी एक आहे.

परवा दुपारी मी ऑफिसात होतो. खिडकीबाहेर पानं पडत होती. शेजारच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, “लिस्ट आ गई.” मी हातातलं टिपण पूर्ण केलं, पेनाला टोपण लावलं आणि कॉम्प्युटरवर त्या परीक्षेच्या निकालाची यादी उघडली. शोधायच्या चौकटीत प्रज्ञा लिहिलं.

तीन निघाल्या. तिघींची आडनावं मी सावकाश वाचली.